पाय किकवर असताना हाक मारू नये

मंगल,

आज सकाळी मुक्ताने तुझ्या म्हशीवरचं कापड काढलं.

मी गच्चीत कपडे वाळत घालत होतो. खाली कापड झटकल्याचा आवाज आला आणि हातातला टॉवेल हातातच राहिला. इतक्या वर्षांत त्या आवाजानंतर काय काय होतं ते मला पाठ झालंय. कापड झटकायचं, चार घड्या घालून ओट्याच्या कठड्यावर ठेवायचं, गाडी जराशी हलवून टाकीत पेट्रोल किती उरलंय ते ऐकायचं, मग पेट्रोलचा कॉक उघडायचा. मुक्ताने घडी घातली नाही. कापड कठड्यावर भिरकावलेलं मला वरून दिसलं.

तुझं तेरावं परवा झालं. पाहुणे काल दुपारच्या गाडीने नंदुरबारकडे गेले. आता घरात आई, मी आणि आपली लेक मुक्ता, आणि ओट्यासमोर ती तुझी लाथाडी जुनी फटफटी, आपली म्हैस. ऑपरेशनला जायच्या आदल्या संध्याकाळी तू तिला पुसलंस, कॉक बंद केलास, झाकून ठेवलंस. तेव्हापासून तिला कुणी बोट लावलं नव्हतं. कापड वाऱ्याने उडालं तर आई काठीने सारखं करायची, हाताने नाही.

मी कठड्यावरून वाकलो. "मुक्ता" अशी हाक घशापर्यंत आली होती. पण खाली मुक्ताची पाठ दिसली. दोन्ही हात हँडलवर, उजवा पाय किकवर. आणि पायात स्लिपर.

मी हाक गिळली आणि जिन्याकडे वळलो.

आपल्या गच्चीचा जिना किती अरुंद आहे ते तुला माहीत आहे. दर वर्षी तू म्हणायचीस, पडाल एक दिवस, कठडा लावून घ्या. मी म्हणायचो, लावू. आज मी तो जिना भिंतीला हात टेकत, पायांचा आवाज न करता उतरत होतो, चोरासारखा, माझ्याच घरात. धावलो असतो तर ती वळली असती. ओरडलो असतो तर थांबली असती. आणि म्हशीच्या बाबतीत थांबण्यासारखी वाईट गोष्ट नाही.

हे आपण प्रकाशच्या घोट्यावर शिकलो. म्हैस आली तो दिवस तुला आठवत असेल. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. अण्णा, तुझे वडील, गुरांच्या दवाखान्यातून रिटायर झाले. ज्या गाडीवर बसून त्यांनी गावोगावच्या गुरांना इंजेक्शनं टोचली ती आता कुणाला द्यायची, असा प्रश्न आला, आणि त्यांनी ती मुलाला न देता मुलीला दिली. सुरतेला आणून द्यायचं काम मात्र मुलाच्या, प्रकाशच्या गळ्यात पडलं. तो आला तोच गाल फुगवून. गाडी जावयाला मिळाली असा अख्ख्या गल्लीचा समज झाला होता. खरं सांगतो, थोडा वेळ माझाही झाला होता. प्रकाशने गाडी ओट्यापुढे उभी केली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "भाऊजी, ही ताईची आहे. तुम्ही आपले मागे बसा." त्या दिवशी गल्ली जी हसली ती अजून पुरती थांबलेली नाही. डिंडोलीत बायकोच्या मागे बसून बँकेत जाणारा माणूस म्हणून मला ओळखत नाही असा इसम नसेल.

तर प्रकाश आल्या पावली म्हणाला, एक चक्कर मारून दाखवतो. त्याने पाय किकवर ठेवला, अंग उचललं, आणि नेमकी तेव्हाच आई घरातून बाहेर आली. निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, हे आम्हाला लहानपणापासून आईनेच शिकवलं. वडील डबा विसरले तर ती गल्लीच्या टोकापर्यंत पळायची, वळसा घालून त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहायची, पण मागून तोंड उघडायची नाही. त्या दिवशी मात्र तिला वाटलं, सुनेचा भाऊ पहिल्यांदा घरी आला आणि घोटभर चहा न घेता निघाला. तिला राहवलं नाही.

"पाव्हणा, चहा पीसन जा!"

प्रकाशचा पाय अर्ध्यावर थबकला, मान वळली, आणि म्हशीने लाथ झाडली. हाडाचा तो आवाज मी विसरलेलो नाही. अजूनही थंडीत तो लंगडतो आणि अजूनही आईला भेटला की म्हणतो, मावशी, चहा आधी द्या. हसतात दोघं. मला कधी हसू आलं नाही.

त्या रात्री प्लास्टर घातलेल्या भावाला झोपवून तू आईला समजावत बसलीस. आई देवापुढे नाक घासत होती, की माझ्या हाकेने अपशकुन झाला. तू म्हणालीस, "आई, अपशकुन नाही. पिस्टन वर चढत असतो. आपण पाय शेवटपर्यंत नेला तर तो वरचं टोक ओलांडतो, मग आतला भडका त्याला पुढे ढकलतो. आपण मध्येच थांबलो तर तोच भडका त्याला मागे ढकलतो, आणि तो सगळा जोर दांड्यातून आपल्या पायात येतो. बस, एवढंच."

आईने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे मी सांगस ते खरंच शे ना. मांगून हाक मारू नही."

तू क्षणभर तिच्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "हो. खरंच आहे."

सासू-सुनेचं आपल्या घरात लसणापासून देवापर्यंत कशावर जमलं नाही, पण यावर कायमचं जमलं. पाय किकवर असताना कुणी हाक मारायची नाही. इंजिन लागलं की मग काय बोलायचं ते बोला. त्यामुळे आपल्या घरातली अर्धी कामं इंजिनच्या आवाजावर ओरडून सांगितली गेली. तू निघालीस की आई ओट्यावरून सुरू व्हायची, "कोथमीर लई येजो! गॅसवालाले सांग! सावकाश जाजो!" आणि तू मागे न बघता हात वर करायचीस.

जिन्याच्या मधल्या वळणावर एक खिडकी आहे. तिच्यातून मला मुक्ताची मान दिसली. ती वाकून कार्ब्युरेटरवरचं बटण दाबत होती. एक पाय जमिनीवर, दुसरा अजून किकवरच. बटण दाबून बोटाला पेट्रोल लागलं की सोडायचं, हे तिला कुणी शिकवलं ते मला ठाऊक आहे. तू शिकवलंस, माझ्या परोक्ष.

आपलं ते भांडण अर्धवट राहिलं, मंगल. आता ते मी एकट्याने पुरं कसं करायचं ते सांग. मुक्ता कॉलेजात जायला लागली तेव्हापासून तुझ्या मागे लागली होती, मला म्हैस शिकव. मी म्हणालो, नाही. तिला बटणवाली स्कूटर घेऊन दिली की नाही? दाबलं बटण, झाली चालू. कशाला हवेत घोटे फोडून घ्यायला? तू म्हणालीस, "अहो, मी फोडून घेतले का?" मी म्हणालो, तुझी गोष्ट वेगळी. तू विचारलंस, कशी वेगळी? तरी मला अजून वाटतं की माझं अगदीच चूक नव्हतं. ज्याने प्रकाशचा पाय बघितलाय त्याने आपल्या पोरीचा पाय त्या दांड्यावर कसा बघावा?

एका रविवारी मी देवळातून लवकर परत आलो तर तुम्ही दोघी गाडीपाशी उकिडव्या बसलेल्या. क्लच-गिअर झाले होते, कॉक झाला होता, बटण झालं होतं, चोक कुठे असतो ते झालं होतं. तू पुढचं सांगायला तोंड उघडलंस आणि मी आलो. तू उठून आत गेलीस. नंतर स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता, माझ्याकडे न बघता म्हणालीस, "तुम्ही शिकवू देत नाही, ठीक. पण ती एक दिवस एकटीच किक मारणार. अर्धं शिकलेली. तेव्हा मी नसेन तर काय कराल?"

मी म्हणालो, "तू कुठे जाणारेस?"

बघ. असलं काहीतरी बोलून जातो माणूस.

मी शेवटची पायरी उतरून घरातून ओट्याच्या दारात आलो. आई तिच्या खुर्चीत लसूण सोलत बसलेली. तिने सगळं बघितलं होतं. मला बघताच तिने सोललेल्या पाकळ्यांचा हात वर केला आणि हळूच म्हणाली, "चूप राय. तिना पाय किकवर शे."

म्हणजे म्हातारी त्या खुर्चीत किती वेळ श्वास धरून बसली होती कोण जाणे. मी ओट्याच्या बाजूने खाली उतरलो. शेजारच्यांच्या भिंतीला चिकटून, तुळशीच्या कुंडीमागून, असा वळसा घालत मुक्ताच्या पुढ्यात गेलो आणि चाकासमोर दोन हात अंतरावर उभा राहिलो. आईने वडिलांसाठी जे आयुष्यभर केलं तेच. मग जवळून पाहिलं. किल्ली चालू होती. किकचा दांडा अर्ध्यावर दाबलेला होता. तिचा सगळा भार त्यावर, गुडघा काठीसारखा ताठ, आणि दांड्यावर पायाचा चवडा, तोही स्लिपरमधला. जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या तिने एका जागी आणून ठेवल्या होत्या.

तिने वर बघितलं. डोळे सुजलेले होते. मी तसाच उभा राहिलो. तिचा पाय दांड्यावरून हळूहळू वर आला आणि जमिनीवर टेकला. मग ती भडकली.

"पप्पा, आता सुरू नका करू हां. मने बधी खबर छे."

रागावली की तिची गुजराती सुरू होते, तुला माहीतच आहे. तू म्हणायचीस, मराठीत रागवायला हिला शब्द कमी पडतात.

"सगळं माहीत आहे तर किल्ली चालू का?" मी विचारलं.

"मग चालू कशी होणार?"

"आधी बंद कर."

"तुम्ही विकून टाकणार आहात ही गाडी. मला माहिती आहे. काल प्रकाशमामाशी बोलत होतात."

प्रकाशशी मी बोललो होतो, पण त्याला एवढंच विचारलं होतं की ही किती दिवस उभी राहिली तर बिघडते. तो म्हणाला, पंधरवडा झाला की रुसते, मग रडवते. मी हे मुक्ताला सांगितलं. तिने माझ्याकडे संशयाने बघितलं आणि मग एकदम तोंड वाकडं झालं तिचं. म्हणाली, "पप्पा, सकाळी उठले की मी ह्या आवाजाची वाट बघते. मला माहिती आहे येणार नाही. तरी बघते. मला एकदा ऐकायचाय."

मंगल, मलाही ऐकायचा होता. मी रोज त्याच वेळी उठून बसतो. तिला मी हे सांगितलं नाही. तुला सांगतो.

आता मी काय करायला हवं होतं? मी बाप आहे. किल्ली काढून खिशात टाकायची, झालं काम. हात पुढे केलाही होता. किल्ली फिरवून बंद केली, आणि ती काढायची तर बोटं तिथेच थांबली. तुझं ते पोळ्या लाटताना विचारलेलं डोक्यात वाजत होतं. मी किल्ली तशीच ठेवली आणि घरात जाऊन तुझे बूट आणले. ते तपकिरी, घोट्यापर्यंतचे, जे घालून तू शाळेत शिकवायला जायचीस आणि तिथे गेल्यावर चपला घालायचीस. दारामागच्या फळीवर जसे ठेवले होतेस तसेच होते. कुणी हलवले नव्हते. मुक्ताने ते बघितले आणि दोन पावलं मागे सरकली.

"घाल," मी म्हणालो. "स्लिपरवर नाही मारायची."

तिने घातले. बसले. आईने लसणाची परात बाजूला ठेवली आणि पदर तोंडाला लावला.

मी जन्मात गाडी चालवली नाही, हे अख्ख्या सुरतेला माहीत आहे. पण तुझ्या बाजूला उभं राहून मी जेवढ्या किका बघितल्या तेवढ्या अण्णांनीही मारल्या नसतील. आणि एकदा तू माझा हात त्या दांड्यावर दाबला होतास. मुक्ता पोटात होती, डॉक्टरणीने तुला किक मारायची बंदी केली होती, आणि म्हैस रुसू नये म्हणून तू मला तयार करत होतीस. माझ्या हातावर तुझा हात. दांडा हळूहळू खाली. "लागलं? इथे गच्च झालं बघा. इथे पिस्टन वर आलाय." मी घाबरून हात काढून घेतला आणि तू इतकी हसलीस की आई बाहेर आली. मी ती किक कधी मारली नाही. तुझी ती म्हैस महिनोन् महिने रुसून बसली, आणि तू मला त्यावरून एका शब्दाने बोलली नाहीस. पण ते गच्च होणं माझ्या तळहाताला अजून आठवतं.

मी मुक्ताचा हात धरून दांड्यावर ठेवला. "किल्ली बंद. आता हळू दाब. अजून. लागलं?"

"हो. अडकलं."

"अडकलं नाही. वर आलंय. अजून जरासं, एवढंसं, दाबून ते गच्च जाऊ दे. गेलं? आता दांडा वर येऊ दे. आता इथून मारायची. किल्ली आता. दांड्यावर चवडा नाही, पायाचा मधला भाग. गुडघा सैल. आणि एकदा सुरू केलं की थेट खालपर्यंत. मध्ये काहीही झालं, कुणी आलं, काही आठवलं, तरी खालपर्यंत."

"आणि लाथ मारली तर?"

"खालपर्यंत नेलीस तर नाही मारणार."

हे मी किती खात्रीने म्हणालो! जसा काही रोज मारतो. मग मी पुन्हा तिच्या पुढ्यात, तिला दिसेन असा जाऊन उभा राहिलो.

पहिली किक पूर्ण गेली. म्हैस नुसती फुसफुसली. पुन्हा किल्ली बंद, पुन्हा गच्च शोधणं, पुन्हा किल्ली. दुसऱ्या वेळी मुक्ताने अंग उचललं आणि मला तिच्या डोळ्यांत दिसलं की ती कचरली. एवढ्याशा क्षणात दिसलं. पाय अर्ध्यावर मऊ पडला आणि धाडकन आवाज झाला. दांडा खालून उसळला, मुक्ता कोलमडली, तिची छाती हँडलवर आपटली आणि गाडी स्टँडवर डगडगली. आईच्या तोंडून कसलासा आवाज आला. मी गाडी आणि पोर दोन्ही धरली, कशी ते ठाऊक नाही.

ती खाली बसली. मी तिचा बूट काढला. घोटा हलवून बघितला. तळव्याला लाल वळ उठला होता, घोटा शाबूत होता. बुटाच्या टाचेचं कातडं फाटलं होतं. स्लिपर असती तर काय झालं असतं ते मला बघावं लागलं नाही, एवढे उपकार तुझ्या बुटांचे.

"बस्स आता," असं म्हणायची हीच वेळ होती. माझा मुद्दा सिद्ध झाला होता. मी जिंकलो होतो, मंगल, आणि तू नव्हतीस. मी मुक्ताकडे बघितलं. ती रडत नव्हती. बूट हातात घेऊन त्याची फाटलेली टाच बघत होती. तुझी तीच एक सवय, काही बिघडलं की आधी ते नीट बघायचं. मला भेस्तानला तुझ्या शाळेच्या फाटकापुढचा तो दिवस आठवला. असाच अर्ध्यातून मागे ढकललेला पिस्टन, पण त्या दिवशी लाथ न मारता इंजिन उलटंच फिरायला लागलं होतं. तू गिअर टाकलास आणि आपण दोघं मागे मागे निघालो, थेट उसाच्या रसाच्या गाडीकडे. पोरं फाटकावर चढून टाळ्या पिटत होती. मी मागे बसलेलो, म्हणजे सगळ्यात पुढे मीच. तू गाडी बंद केलीस, उतरलीस, रसवाल्याला काय हवं नको विचारलंस, आणि म्हणालीस, "पुन्हा मारते. ह्या वेळी खालपर्यंत." तुला राग आला नव्हता, भीती वाटली नव्हती, तू फक्त काय चुकलं ते बघितलं होतंस. ह्याबद्दल मी तुला कधी काही बोललो नाही. घरी येताना मी फक्त एवढंच म्हणालो, रस चांगला होता.

"ताकद कमी नव्हती तुझी," मी मुक्ताला म्हणालो. "मध्येच विचार केलास."

"हो," ती म्हणाली.

"विचार आधी करायचा. तुझ्या आईचं ते सांगणं."

तिने बूट घातला. मी पुन्हा समोर जाऊन उभा राहिलो आणि तोंड मिटलं. घट्ट मिटलं.

आणि मग मला ते हॉस्पिटलचं दार आठवलं, जे मी इतके दिवस आठवू देत नव्हतो. तुझी ट्रॉली ऑपरेशनला आत चालली होती. मी मागे होतो. वॉर्डबॉयने दाराला पाय लावला, दार उघडलं, तुझ्या डोक्यावरची ती हिरवी टोपी दिसत होती, तोंड दिसत नव्हतं. मला हाक मारायची होती. मी तोंड उघडलं होतं. आईने बाकावरून माझी बाही ओढली, "नको. मांगून नको." आणि मलाही ते पटलं. मला वाटलं, तुझा पाय किकवर आहे. आता बोलू नये. इंजिन लागलं की, तू बाहेर आलीस की बोलू. दार बंद झालं. इंजिन लागलं नाही. तेव्हापासून ती हाक घशात आहे. जेवताना लागते, झोपताना लागते. आईला मी यावरून काही म्हणालो नाही आणि ती मला काही म्हणाली नाही. पण तेव्हापासून ती रोज एकटीच ओट्यावर बसते आणि कुणी गल्लीतून जाताना दिसलं की तोंड दुसरीकडे फिरवते.

मुक्ताने गच्च शोधलं. ओलांडलं. किल्ली फिरवली. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. मग तिने अंग उचललं आणि पाय थेट खालपर्यंत गेला.

म्हैस लागली.

आधी निळा धूर, मग तो आवाज. तुला काय सांगू. समोरच्या घराच्या खिडकीत दोन डोकी आली. गल्लीतलं कुत्रं, जे रोज तुझ्या मागे धावायचं, ते कुठूनसं उठून शेपूट हलवत आलं आणि मुक्ताला बघून गोंधळलं. मुक्ता हसत होती आणि रडत होती आणि गाडी बंद पडू नये म्हणून हँडल पिरगाळत होती. गाडी स्टँडवरून उतरवायला मी मदत केली. तिने गिअर टाकला. मागे बसू का, असं मी विचारणार होतो, पण ही पहिली फेरी तिची एकटीची होती. मी बाजूला झालो.

ती निघाली आणि ओट्यावरून, सवयीने, स्वतःला कळायच्या आत, आई ओरडली, "कोथमीर लई येजो!"

ओरडली, आणि मग तिला उमगलं. दोन्ही हात मांडीवर पडले. मुक्ताने मागे न बघता हात वर केला.

मी ओट्याच्या पायरीवर आलो. म्हैस गल्लीच्या टोकाकडे चालली होती, आवाज अजून भरून होता. आईने खुर्चीतून वाकून माझी बाही धरली, तीच बाही, आणि ह्या वेळी मागे ओढली नाही, पुढे ढकललं.

"आते मार हाक," ती म्हणाली. "इंजिन लागनं. आते काही व्हत नही."

लग्न झाल्यापासून मी तुला आईसमोर "अगं" शिवाय कधी काही म्हटलं नाही. तरी मी पायरीवर उभा राहिलो आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी तुझ्या नावाने हाक मारली.